‘बरं आहे’ या उत्तरामागे

‘इथं कसं वाटतं तुला?’ या प्रश्नाला परक्या घरात राहणारे मूल बहुतेक वेळा ‘बरं आहे’ असे उत्तर देते. विचारणारी समाजसेविका बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेली असते. घरातली बाई चहा ठेवून तिथेच थांबलेली असते, घरातला पुरुष दाराच्या चौकटीला टेकून उभा असतो आणि मूल दोघांच्या मधे, भेटीसाठी घातलेला धुवट शर्ट अंगावर. हे उत्तर खरे असू शकते. पुष्कळदा ते खरेच असते. पण ते खरे नसते तेव्हाही शब्द हेच असतात, आणि त्या खोलीत, त्या माणसांदेखत, दोन्हींतला फरक ओळखायला काही साधन नसते. समाजसेविका ‘मूल समाधानी आहे’ असा शेरा लिहिते, सही घेते आणि पुढच्या गावाची एसटी गाठते. प्रतिपालकत्वात ठेवलेल्या मुलांची सुरक्षितता तपासण्याचे काम फार वेळा या शेऱ्यापाशी येऊन थांबते. ते तिथून पुढे न्यायचे असेल तर गृहभेट म्हणजे नेमके काय, हे मुळापासून विचारावे लागेल. पुढच्या पानांत गृहभेटीचे तपशीलवार विवेचन आहे. त्यामागची भूमिका मांडणे हा या प्रस्तावनेचा हेतू.

आधी शब्दांचा घोळ दूर करायला हवा. दत्तक गेलेले मूल नावाने, वारशाने आणि कायद्याने त्या घराचे होते. प्रतिपालकत्वात मूल त्या घरात राहते, पण त्या घरचे होत नाही. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 44 खाली जिल्ह्याची बालकल्याण समिती आदेश काढून त्याला काही महिन्यांसाठी किंवा काही वर्षांसाठी एखाद्या कुटुंबाकडे सोपवते. सख्खे आईवडील जिवंत असू शकतात, आजारी असू शकतात, तुरुंगात असू शकतात, आणि मूल पुढेमागे त्यांच्याकडे परतावे अशी आशाही असू शकते. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी हा मार्ग रुंद केला: अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही प्रतिपालक होता येऊ लागले, आणि त्याच कुटुंबाला मूल दत्तक घेता येण्यासाठी पूर्वी जी पाच वर्षांची अट होती ती दोन वर्षांवर आली. महाराष्ट्रात मात्र ‘बालसंगोपन’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर दरमहाचे अनुदान येते. सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळालेल्या त्या योजनेत 2023 पासून महिन्याला 2,250 रुपये दिले जातात, आणि कोविडमध्ये आई किंवा वडील गमावलेल्या कितीतरी मुलांना तिचा आधार झाला. ही मुले बहुधा उरलेल्या पालकाकडे किंवा आजी-आजोबांकडेच राहतात. त्यांना पैशाची मदत हवी असते आणि ती पोचली की नाही हे पाहावे लागते. सरकारने एका घरातून उचलून दुसऱ्या, अनोळखी घरात ठेवलेल्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. ते त्या घरात आहे ते सरकारने ठेवले म्हणून. त्याला तिथे काही झाले तर ते सरकारच्या हातून झाले, असेच म्हणावे लागते.

कायद्याने ही जबाबदारी टाळलेली नाही. प्रतिपालक कुटुंबाची पाहणी समितीने दर महिन्याला, ठरलेल्या नमुन्यात करावी, आणि कुटुंब मुलाची काळजी घ्यायला कमी पडते असे दिसल्यास मुलाला तिथून काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवावे, असे कलम 44 सांगते. अमेरिकेत 2006 च्या कायद्याने दरमहा भेटीचा आग्रह धरला आणि 2015 पासून राज्यांना 95 टक्क्यांचे लक्ष्य घालून दिले. इंग्लंडच्या 2010 च्या नियमांप्रमाणे मूल नव्या घरी गेल्यावर आठवड्याच्या आत पहिली भेट, आणि पहिल्या वर्षात दोन भेटींमधले अंतर सहा आठवड्यांपेक्षा जास्त नको. म्हणजे कागदावर आपण कोणाच्या मागे नाही. पण इंग्लंडच्या त्याच नियमांत आणखी एक ओळ आहे, आणि या प्रस्तावनेचा सारा भर त्या ओळीवर आहे: भेटीला गेलेल्या व्यक्तीने मुलाशी एकांतात बोललेच पाहिजे. समजत्या वयाचे मूल स्वतःच नको म्हणाले, किंवा तसे बोलणे त्या वेळी योग्य नसले अथवा शक्यच झाले नाही, तरच सूट. माझे म्हणणे याहून एक पाऊल पुढचे आहे. ज्या भेटीत मुलाशी एकट्याने बोलणे झाले नाही, ती भेट मोजूच नये. आणि जे मुलाने सांगितले त्यावर पाऊल उचलण्याचा अधिकार किंवा निदान तातडीचा मार्ग भेटणाऱ्या व्यक्तीच्या हाती नसेल, तर एकांतातले बोलणेही मुलाची फसवणूक ठरते. भेटींची संख्या, घराचे क्षेत्रफळ, उत्पन्नाचा दाखला हे सगळे त्यानंतर.

हे म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे, आणि तो इतिहास वेदनेचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, 9 जानेवारी 1945 रोजी, इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात मिन्स्टर्लीजवळच्या बँक फार्म नावाच्या शेतघरात डेनिस ओ’नील हा बारा वर्षांचा मुलगा मरण पावला. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या नगरपालिकेने त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला आदल्या उन्हाळ्यात त्या घरी ठेवले होते. शवविच्छेदनात पाठीवरचे काठीचे वळ, छातीवरचा मार, पायांवरच्या चिघळलेल्या जखमा आणि उपासमार असे सगळे दिसले. प्रतिपालक पित्याला मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. सर वॉल्टर मॉन्कटन यांनी चौकशी केली तेव्हा पुढे आले ते असे: मुले एका पालिकेची, घर दुसऱ्या परगण्यातले, आणि लक्ष ठेवण्याचे काम नेमके कोणाचे याचा दोघांत गोंधळ. भेटी ज्या वेळेला व्हायला हव्या होत्या त्या वेळेला झाल्या नाहीत. तरीही एक भेट झाली होती, आणि माझे मन त्या भेटीपाशीच अडते. मृत्यूच्या तीनच आठवडे आधी, नाताळच्या तोंडावर, न्यूपोर्टहून एक कर्मचारी बाई त्या घरी गेली. मुलगा आजारी आणि भेदरलेला तिला दिसला. डॉक्टरला दाखवा, असे तिने त्या घरात सांगितले. मुलांना तिथून हलवावे असेही तिचे मत झाले. तिने पाहिले, ओळखले, कळवलेही. मधे सुट्ट्या आल्या, कागद टेबलावर राहिला, आणि डॉक्टर त्या घरात आले तेव्हा मुलगा गेलेला होता. बँक फार्ममधल्या त्या भेटीत नजर कमी पडली नव्हती. नजरेमागे हात नव्हता. (या घटनेतून बीज घेऊन अगाथा ख्रिस्तीने आधी एक रेडिओनाटिका आणि मग लंडनमध्ये अनेक दशके चाललेले ‘द माउसट्रॅप’ लिहिले. नाटकाचे नाव जगाला ठाऊक आहे. मुलाचे नावही ठाऊक असायला हवे.)

दुसरा दाखला फ्लॉरिडातला. तिथे सरकारच्या ताब्यातली रिल्या विल्सन ही लहान मुलगी जानेवारी 2001 पासून कुणाला दिसलेली नव्हती. ती नाहीशी झाल्याचे खात्याला समजले एप्रिल 2002 मध्ये, सव्वा वर्षाने. या सगळ्या महिन्यांत तिच्या फाईलमध्ये भेटी झाल्याच्या नोंदी होत्या. भेटी झालेल्याच नव्हत्या. इथे दोष एका कर्मचाऱ्याचा म्हणून विषय संपवता येतो, आणि तो दोष होताच. पण नोंद ही भेटीची खूण आहे, भेट नव्हे, हे त्या खात्याच्या वरच्या कुणालाच सव्वा वर्ष खटकले नाही. महिन्याचा रकाना भरला की वरिष्ठाचे समाधान होत असेल, तर खालचा माणूस रकाना भरायला शिकतो. फ्लॉरिडाने त्यानंतर केलेला कायदा मला विचार करण्यासारखा वाटतो. रिल्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कायद्यानुसार सरकारी छत्राखालचे, अजून शाळेत न गेलेले जे मूल बालवाडीत घातलेले असेल, त्याची हजेरी नियमित राहिलीच पाहिजे. हेतू सरळ आहे: आठवड्यातले बरेच दिवस त्या मुलाला घराबाहेरच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेले असावे. आपल्याकडे अंगणवाडी वाडीवस्तीवर पोचलेली आहे. प्रतिपालकत्वातल्या मुलाची अंगणवाडीतली किंवा शाळेतली सलग गैरहजेरी बाल संरक्षण कक्षाला त्याच आठवड्यात कळावी, एवढी व्यवस्था करायला नवा कायदा लागत नाही.

तिसरा दाखला आपल्याच देशातला, आणि त्याचा धागा मुंबईशी जुळलेला. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातला अत्याचार 2018 साली उघड झाला तो मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने बिहार सरकारसाठी केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून. ते प्रतिपालक कुटुंब नव्हते, संस्था होती. पण प्रश्न तोच. त्या गृहावर देखरेख करणारी यंत्रणा होती. बालकल्याण समिती होती, जिल्ह्याला बाल संरक्षण अधिकारी होता. पुढे जानेवारी 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ज्या 19 जणांना दोषी ठरवले, त्यांत या दोन्ही पदांवर राहिलेली माणसे होती. बाहेरून आलेल्या गटाने मुलींशी बोलून घेतले, त्यांचे बोलणे खरे मानले आणि ते लिहून वरपर्यंत पोचवले, तेव्हा भिंत फुटली. तपासणाऱ्यालाही कुणी तरी तपासले पाहिजे, हा धडा यातून सगळे घेतात, आणि तो बरोबर आहे. मला त्यातला आधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो: मुलींना विचारणारे कुणी तरी भेटले, आणि विचारणाऱ्याचे त्या घराशी कसलेही देणेघेणे नव्हते.

मूल मग आपण होऊन का सांगत नाही? मराठीत यासाठी एक जुना शब्द आहे, ‘आश्रित’. दुसऱ्याच्या घरी राहून शिकणारी, वार लावून जेवणारी मुले आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी पाटावर बसणाऱ्या त्या मुलाला कुणी न शिकवता एक गोष्ट कळत असे: वाढलेले मुकाट्याने खायचे, मीठ कमी असले तरी बोलायचे नाही. तक्रार केली तर एक वार तुटतो. आजच्या प्रतिपालक घरातल्या मुलाला हेच गणित दुप्पट मोठे होऊन भेटते, कारण त्याने एकदा घर गमावलेले असते. आता बोललो तर हेही जाईल, पुन्हा बालगृह, पुन्हा नवी शाळा, कदाचित लहान बहिणीपासून ताटातूट. शिवाय उपकाराची जाणीव असते, आणि ती खोटी नसते. ज्या बाईने ताप आल्यावर रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या तिच्याच भावाबद्दल काही सांगायचे असते. अशा मुलाला त्या बाईच्या देखत विचारणे म्हणजे न विचारणेच. आणि एकट्यात, पण पहिल्यांदाच भेटलेल्या अनोळखी व्यक्तीने विचारले तरीही उत्तर ‘बरं आहे’ हेच येणार. म्हणून एकांत ही पहिली अट झाली, सातत्य ही दुसरी. तीच व्यक्ती चौथ्यांदा येते, मागच्या वेळी सांगितलेले तिच्या लक्षात असते, ‘तुझ्या त्या पिवळ्या कुत्र्याचं काय झालं?’ असे ती विचारते, तेव्हा मूल तिला अजमावू लागते. ते आधी छोटी गोष्ट सांगून पाहते. दूध आवडत नाही, दादा वही फाडतो. त्या छोट्या गोष्टीचे पुढे काय झाले, ती जाऊन घरात बोलली की पोटात ठेवली, यावर मोठी गोष्ट कधी सांगायची हे मूल ठरवते.

याचा अर्थ डोळ्यांनी पाहण्याचे काम कमी महत्त्वाचे आहे असा नाही. नीट पाहणाऱ्याला घर पुष्कळ सांगते. मूल झोपते कुठे, हे विचारू नये, पाहावे. आणि तिथे रोज झोपले जाते की भेटीपुरती गादी घातली आहे, हे चादर, उशी आणि शेजारचे कपडे सांगतात. मोरीत दात घासायचे ब्रश मोजावेत. घरच्या मुलांची आणि या मुलाची दप्तरे शेजारी ठेवली तर त्यांत किती फरक आहे? जेवणाची वेळ असेल तर थांबावे आणि मूल दुसरी पोळी मागून घेते की वाढण्याची वाट पाहत बसते, ते बघावे. उंची आणि वजन दर तिमाहीला त्याच वजनकाट्यावर घ्यावे, कारण अंगणवाडीच्या वाढीच्या तक्त्यावर खाली उतरलेली रेघ कुणाच्या सांगण्याने वर जात नाही. शाळेत बाईंना भेटावे, तेही घरच्यांना आधी न सांगता. बारा वर्षांची मुलगी तिसऱ्या तासाला पेंगते, ती पहाटे कोणासाठी उठते? मूल मोठ्यांना कोणत्या नावाने हाक मारते, ‘मावशी’ म्हणते, ‘आई’ म्हणते की काहीच म्हणत नाही, आणि काहीच म्हणत नसेल तर ते कधीपासून, हेही टिपावे. यातली कोणतीही एक गोष्ट पुरावा नाही. गरीब घरात सगळ्यांचीच चादर फाटकी असते, आणि गरिबीला दुर्लक्षाचे नाव देणे हा समाजसेविकेच्या हातून घडू शकणारा मोठा अन्याय आहे. म्हणून तुलना त्याच घरातल्या मुलांशी करायची, शहरातल्या फ्लॅटशी नव्हे. पाहिलेल्या या खुणा एकांतातल्या बोलण्याला विषय पुरवतात, मुलाला बोलायला वाट देतात. त्यांच्यावरून निकाल द्यायचा नसतो.

आणि एकांत म्हणजे काय, हेही स्पष्ट असावे. दोन खोल्यांच्या घरात आतल्या खोलीचे दार लोटून घेणे म्हणजे एकांत नव्हे. पलीकडे सगळे ऐकू जाते, आणि ते मुलाला ठाऊक असते. मग अंगण, गावातले देऊळ, शाळेचा वर्ग मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीपर्यंतचा फेरफटका. चालताना मुले बसल्यापेक्षा मोकळी बोलतात. समोरासमोर डोळ्यांत पाहावे लागत नाही. काही विशेष बोलणे झाले नाही तरी ती वीस मिनिटे वाया गेली असे समजू नये. पुढच्या महिन्यातल्या बोलण्याची ती तयारी असते.

या भूमिकेवर आक्षेप आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप प्रतिपालक कुटुंबांच्या बाजूचा: एखादे कुटुंब माणुसकीने परके मूल घरात घेते, आणि तुम्ही त्याच्याकडे गुन्हेगारासारखे बघता, अशाने पुढे कोण येईल? हा राग मी समजू शकतो, कारण बहुसंख्य कुटुंबे खरोखरच माणुसकीने पुढे येतात. पण मुलाशी एकट्याने बोलणे हा संशयावरून घेतलेला निर्णय राहिला तर अपमान वाटेल. पहिल्या दिवसापासून, सगळ्यांकडे, अपवाद न करता होणारी ती रीत असेल तर त्यात अपमान उरत नाही. बँकेत लॉकर उघडताना सही जुळवून पाहतात म्हणून कुणी रागावत नाही. शिवाय या रीतीचा पहिला लाभ चांगल्या कुटुंबालाच मिळतो. त्रासातून आलेले मूल कधी रागाने, कधी जुन्या आठवणी आताच्या घरावर लादून, नको ते बोलून बसते. अशा वेळी दोन वर्षांच्या नियमित, स्वतंत्र नोंदी त्या कुटुंबाच्या बाजूने उभ्या राहतात. नोंदी नसतील तर त्याच्या बाजूने उभे राहायला कोणीच नसते.

मुले खोटे बोलतात, शिकवलेले बोलतात, त्यांच्या सांगण्यावरून घर मोडायचे का, असेही विचारले जाते. या प्रश्नात समाजसेविका आणि न्यायाधीश यांची गल्लत झालेली आहे. मुलाने सांगितले ते सिद्ध करणे हे तिचे काम नाही. पोक्सो कायद्यात मुलावर लैंगिक अत्याचार झाला आहे किंवा होण्याची भीती आहे असे ज्याला वाटते, त्याने कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. खरेखोटे ठरवण्याची जबाबदारी त्यापुढच्या यंत्रणेची. कायद्याने एवढा नेमका सांधा करून दिलेला असताना भेटीला गेलेली व्यक्ती स्वतःशीच ‘खात्री झाल्याशिवाय कसं लिहायचं’ म्हणत बसली, तर 1944 च्या त्या नाताळसारखे दिवस मधे जातात. मूल चुकीचे बोलले आणि चौकशी होऊन काही निघाले नाही, तर त्रास होतो, तो भरून काढता येतो. मूल खरे बोलले आणि चौकशी झाली नाही, तर जे होते ते भरून काढता येत नाही.

मनुष्यबळाचा आक्षेप मात्र सहज बाजूला सारता येण्याजोगा नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली पदे कंत्राटी, जिल्हा शंभर-सव्वाशे किलोमीटर लांबीचा, त्याच माणसांकडे बालविवाह थांबवणे, हरवलेल्या मुलांचा शोध, बालगृहांची पाहणी आणि बैठकांचे अहवाल. दर महिन्याला प्रत्येक मुलाशी अर्धा तास एकट्याने बोलणार कोण? यावर हल्ली सुचवला जाणारा उपाय म्हणजे व्हिडिओ कॉल. कोविडच्या काळात नाइलाज होता, तेव्हा तो वापरला गेला हे ठीक. पण मोबाइलच्या चौकटीत मुलाचा चेहरा दिसतो, मोबाइल कोणाच्या हातात आहे ते दिसत नाही. वजन कळत नाही, घराचा वास कळत नाही, चालायला जाता येत नाही. शाळा, अंगणवाडी, आशा कार्यकर्ती यांना जोडून घेता येईल, घ्यायलाच हवे. ते पाहू शकतात आणि कळवू शकतात. एकट्याने बोलण्याचे काम मात्र वाटून देता येत नाही, कारण ते सातत्याने एकाच व्यक्तीने करण्यातच त्याचा जीव आहे. माझे उत्तर म्हणून कठोर वाटेल, पण मला दुसरे दिसत नाही: जिल्ह्यात भेटीला जाऊ शकणारी माणसे किती, यावरून त्या जिल्ह्यात किती मुले प्रतिपालकत्वात ठेवायची हे ठरावे. आधी मुले ठेवायची आणि मग माणसे शोधायची, हा क्रम उलटा आहे. दहा मुलांवर नीट लक्ष ठेवता येत असेल तर अकरावे मूल ठेवण्याआधी अकराव्या मुलासाठी माणूस नेमावा.

इथे कुणी म्हणेल, एवढा धोका असेल तर मुले बालगृहातच बरी. तिथे निदान भिंती आहेत, रजिस्टर आहे, कॅमेरा आहे. मुझफ्फरपूरलाही भिंती होत्या. या प्रश्नाचे उत्तर डेनिस ओ’नीलच्या देशाने त्या मृत्यूनंतर लगेच दिले. मायरा कर्टिस यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1946 मध्ये अहवाल दिला तेव्हा त्या मुलाचा मृत्यू सगळ्यांच्या मनात ताजा होता. तरीही समितीने मोठ्या संस्थांकडे परत जा असे म्हटले नाही. दत्तकानंतर पसंती दिली ती कुटुंबात ठेवण्यालाच. मात्र प्रत्येक ठिकाणी मुलांसाठी एक जबाबदार अधिकारी हवा, मुलांना नावानिशी ओळखणारा, असा आग्रह तिने धरला, आणि 1948 च्या कायद्याने तशी खाती आणि तसे अधिकारी उभे राहिले. त्यानंतरही इंग्लंडमध्ये चुका झाल्या, मुले गेली, चौकश्या झाल्या. 1973 साली ब्रायटनमध्ये मरण पावलेली मारिया कोलवेल तर प्रतिपालक घरी नीट वाढत होती. तिला सख्ख्या आईकडे परत पाठवल्यावर सावत्र वडिलांच्या मारहाणीत ती गेली. धोका कुठल्या एका प्रकारच्या घरात राहत नाही. म्हणून देखरेख मुलामागे जावी, घराच्या प्रकारामागे नव्हे. सरकारने मामाच्या घरी ठेवलेल्या मुलालाही ती हवी. ‘आपल्याच माणसांत आहे’ हे वाक्य आपल्याकडे चौकशी थांबवायला वापरले जाते. आजोळच्या जिव्हाळ्यावर माझा विश्वास आहे, पण त्या वाक्यावर नाही.

इंग्लंडकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडच्या चर्चेत फारशी येत नाही. तिथे मुलाची समाजसेविका वेगळी आणि प्रतिपालक कुटुंबाची वेगळी असते. कुटुंबाला आधार देणे, त्यांच्या अडचणी ऐकणे, प्रशिक्षण देणे हे एकीचे काम; मुलाचे हित पाहणे दुसरीचे. याशिवाय आढावा घेणारा एक अधिकारी असतो, तो या दोघींच्याही रोजच्या कामापासून अलग. आपल्याकडे बहुधा एकच व्यक्ती कुटुंब शोधते, त्याचा गृहचौकशी अहवाल लिहिते, त्याला मूल घ्यायला राजी करते आणि नंतर दर महिन्याला त्याच घराची तपासणी करायला जाते. स्वतः निवडलेल्या घराविरुद्ध लिहिणे म्हणजे स्वतःच्या निर्णयाविरुद्ध लिहिणे. कितीही प्रामाणिक व्यक्ती असली तरी तिचा हात तिथे जड होतो. दोन पदे निर्माण करणे आज जमत नसेल तर निदान शेजारच्या तालुक्यातल्या सहकाऱ्याने तीन महिन्यांतून एकदा, आधी न कळवता, त्या मुलाला भेटावे. याला पैसे फार लागत नाहीत, वेळापत्रक लागते.

या पुस्तकात गृहभेटीचा जो नमुना सुचवला आहे, त्यात म्हणूनच काही रकाने नेहमीच्या नमुन्यांत न दिसणारे आहेत. मुलाशी कुठे बोललात, किती वेळ, त्या वेळी घरचे कोण किती अंतरावर होते. मूल एकट्याने बोलायला नको म्हणाले असेल तर सलग किती भेटींत. मागच्या भेटीत मुलाने जे मागितले किंवा सांगितले, त्याचे पुढे काय केले आणि ते मुलाला कळवले का. ‘मूल समाधानी आहे’ असे लिहायला जागाच ठेवलेली नाही. मूल काय म्हणाले ते त्याच्या शब्दांत लिहायचे आहे. शेवटचा रकाना कर्मचाऱ्याच्या बदलीविषयी आहे, आणि तो रिकामा ठेवू नये अशी कळकळीची विनंती आहे. कंत्राट मार्चअखेर संपते, माणूस दुसऱ्या जिल्ह्यात जातो, फाईल नव्या माणसाकडे येते आणि मुलाला यातले काहीच कळत नाही. एका महिन्यात ओळखीची ताई यायची थांबते आणि दुसरेच कुणी दारात उभे राहते. जाणाऱ्या व्यक्तीने एक शेवटची भेट येणाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन करावी. मी जाते आहे, यापुढे ही येईल, तू मला सांगितलेलं हिला सांगू का, असे मुलाला विचारावे आणि मूल नाही म्हणाले तर तेही लिहावे.